माहेरचं ‘बघू’, सासरचं ‘बघू’

अण्णा,

परवापर्यंत संजय घरी येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होता. "एक बरं झालं, अण्णांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. शांतपणे गेले." समोरचा माणूस मान हलवायचा, नशीबवान होते म्हणायचा, आणि मी चहाचा ट्रे धरून मुकाट्यानं उभी राहायचे. तुम्हाला सगळं कळलेलं होतं. मीच सांगितलं होतं. आणि ‘संज्याला यातलं काही बोलायचं नाय’ अशी ताकीद मला देऊन तुम्ही निघून गेलात. ज्या घरात सतरा वर्षं तुम्ही मला एकही प्रश्न झाकून ठेवू दिला नाहीत, त्याच घरात जाता जाता माझ्या तोंडाला कुलूप घातलंत. याचा मला राग आहे, अण्णा. तो आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं मोकळेपणानं बोलता येईल. कारण बाकीचं सगळं तुमच्या उपकाराचं आहे.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी वीस वर्षांची होते. सटाण्याजवळच्या खेड्यातली, बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धवट सोडलेली, आणि बोलता बोलता एखादा अहिराणी शब्द निसटला की जीभ चावणारी. तुम्ही पाणीपुरवठ्यात होतात. भली मोठी लोखंडी चावी घेऊन रस्त्यातले व्हॉल्व्ह फिरवायचे आणि गल्लोगल्ली पाणी सोडायचं, हे तुमचं काम. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात तुम्ही, तुमचा मुलगा आणि नवी सून. तुमच्याशी काय बोलावं ते मला सुचायचं नाही, आणि संजय तर तुमच्याशी कामापुरतंच बोलायचा. आठवड्याभरानं संध्याकाळच्या चहाला धीर करून मी विचारलं, "अण्णा, राहिलेली परीक्षा देऊ का?"

तुम्ही चहा बशीत ओतत होतात. मान वर न करता म्हणालात, "बघू."

संपलं. ‘बघू’ म्हणजे काय ते मला माहेरी पुरतं कळलेलं होतं. सहलीला जाऊ का? बघू. मैत्रिणीच्या लग्नाला राहू का? बघू. कॉलेज पूर्ण होऊ द्या ना, मग लग्न करा. बघू. माझ्या वडिलांनी मला जन्मात कधी ‘नाही’ म्हटलं नाही, ते फक्त ‘बघू’ म्हणायचे. मी आत जाऊन कणीक मळता मळता रडले आणि संजयच्या मोबाईलवरून आईला कळवून टाकलं की सासऱ्यांनी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ड्यूटीवरून आलात, अंघोळ केलीत, पांढरा शर्ट चढवलात आणि चपला घालून दारात उभे राहिलात. "चल."

"कुठे?"

"कॉलेजात. काल म्हणलो नाय का, बघू म्हणून? मग बघाया नको?"

त्या दिवशी आपण तीन खिडक्या फिरलो. तिसऱ्या खिडकीतल्या क्लार्कला तुम्ही इतके प्रश्न विचारलेत की शेवटी त्यानं तुम्हाला आत बोलावून खुर्ची दिली. तुम्ही भांडत नव्हतात, हुज्जत घालत नव्हतात. हे असं का, ते तसं का, एवढंच तुम्हाला खरोखर जाणून घ्यायचं होतं. घरात बसून, कॉलेजला न जाता बाहेरून परीक्षा देता येते, ही अक्कल आपल्या दोघांनाही त्या खुर्चीत आली.

खरी फजिती पुढे होती. तिसऱ्या दिवशी माझी आई दारात हजर. सटाण्याहून पहिली एस.टी. पकडून, बाजरीची पिशवी आणि पाठ केलेलं भाषण घेऊन. तिनं चहाला हातसुद्धा लावला नाही. "दादा, मनी आंडेर हुशार शे. तिले शिकू द्या."

तुम्ही गोंधळलात. "ताई, मी नाय कधी म्हणलो?"

"बघू म्हनात ना तुम्ही?"

"हां. आन् बघून आलो बी."

आईचा चेहरा मला अजून दिसतो. पण तुमचं तिकडे लक्षच नव्हतं. तुम्ही भलतंच धरून बसला होतात. "ताई, आंडेर म्हणजे मुलगी ना? मग मुलग्याला काय म्हणता?" आई म्हणाली, आंडोर. तुम्ही ‘आंडोर, आंडेर’ असं दोनतीनदा तोंडात घोळवलंत आणि खुशीत मान हलवलीत. नंतरच्या तासाभरात तुम्ही आईकडून वीसेक शब्द वसूल केलेत. माझी जी बोली ऐकून कॉलेजातल्या मुली फिदीफिदी हसायच्या, ती शिकायला एक म्हातारा माणूस मांडी ठोकून बसला होता. मी जीभ चावायची सोडली ती त्या दिवसापासून. आईनं जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "तुना सासरा असाच शे का रोज?" रोज असेच होतात, अण्णा.

मग हळूहळू या घराचा कायदा मला कळत गेला. कुणी काही विचारलं आणि उत्तर येत नसलं, तर ‘माहीत नाही’ म्हणायला लाजायचं नाही. मात्र तेवढ्यावर थांबायचंही नाही, त्याच्यामागे ‘बघू’ म्हणायचं आणि खरंच उठायचं. बुद्धवंदनेत ‘एहिपस्सिको’ हा शब्द आला की तुम्ही हात जोडलेलेच माझ्याकडे तिरका डोळा करायचात. ये आणि बघ. जणू काही तो तुमच्याच शिफारशीनं तिथे घातलाय!

आपली सगळ्यात मोठी फजिती सावी चौथीत असतानाची. दर हिवाळ्यात पेपरात निफाडचा पारा आपल्या नाशिकच्या खाली. तुमच्या नातीनं विचारलं, एवढ्या जवळ असून असं का? तुमचं मूळ गाव सायखेडा त्याच तालुक्यातलं, त्यामुळे थंडीचाही तुम्हाला गावकीचा अभिमान. आधी खरंच फरक आहे का ते बघू, म्हणालात. दोन थर्मामीटर आणलेत. एक सायखेड्याला चुलतभावाच्या शेतात टांगला, एक आपल्या गच्चीवर. रोज सकाळी चुलतकाकांचा फोन यायचा, सावी वहीत दोन्ही आकडे लिहायची आणि तुम्ही मिशीत हसायचात. सायखेडा रोज तीन अंशांनी खाली. "आमच्या गावची थंडी हाय, चेष्टा नाय."

पंधरा दिवसांनी सायखेड्याचा थर्मामीटर परत आला आणि सावीनं तो सहज गच्चीवरच्या दुसऱ्याशेजारी त्याच खिळ्याला अडकवला. शेजारी शेजारी लटकूनसुद्धा तो तीन अंशांनी खालीच! पंधरा दिवस आपण थंडी मोजलीच नव्हती. दोन थर्मामीटरांचं आपापसातलं भांडण तेवढं वहीत लिहीत होतो. सावी रडकुंडीला आली आणि तुम्ही मात्र ठसका लागेपर्यंत हसलात. नंतर महिनाभर जो भेटेल त्याला तुम्ही आपली ही चूक एखाद्या लग्नाच्या गोष्टीसारखी रंगवून सांगत होतात. "आधी शेजारी ठेवून बघाया पायजे, मग लांब न्यायचं. आमी उलटं केलं." पुढे सावीच्या बाईंनी सांगितलं की मोकळी शेतं आणि सखल भाग असला की थंड हवा खाली साचते. तुम्ही म्हणालात, "पटतंय. पण बघितलं नाय."

चूक झाली तर हसून सांगता येते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. माझ्या माहेरी चूक लपवायची असते. पुढे परीक्षा पास होऊन मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला लागले. आज तिथे एखादी मुलगी पुस्तक फाडून थरथरत समोर उभी राहते तेव्हा मी तिला आधी आपल्या थर्मामीटरची गोष्ट सांगते.

द्राक्षांचं भांडण मात्र आपलं मिटलं नाही. द्राक्षावरची पांढरी भुकटी फवाऱ्याची, असं मी म्हणायचे आणि मिठाच्या पाण्यात घड बुडवून ठेवायचे. ती द्राक्षाची अंगचीच असते, असं तुमचं म्हणणं. आपण दोघं सायखेड्याच्या बागेत जाऊन वेलीवरचे मणी बोटानं पुसून आलो आणि आपापलं मत आणखी पक्कं करून परतलो. तुमचं निम्मं खरं आहे, हे मला नंतर कळलं होतं. मी ते तुम्हाला बोलले नाही. सुनेनंही थोडा हट्ट ठेवावा की नाही? आज कबूल करते. पण मी धुऊनच खाणार.

या सगळ्यात संजय कुठे असायचा, हे आता मला टोचतं. तो कंपनीतून यायचा, आपली दोघांची, मग सावी धरून तिघांची डोकी कशात तरी खुपसलेली बघायचा आणि म्हणायचा, "चालू द्या तुमचं विद्यापीठ." मग टीव्ही लावायचा. त्याला प्रश्नांची हौस नव्हती. त्याला काय हवं होतं ते आपण कुणी विचारलं नाही. तुम्ही एकदाच मला म्हणाला होतात, "संज्या सातवीत गेल्यापासून कधी जवळ येऊन बसला नाय, आन् मलाबी त्याला बोलवायचं जमलं नाय." मला तुमच्यात दुसरे वडील मिळाले, पहिल्यांपेक्षा चांगले मिळाले. ते कुणाच्या वाटणीतले होते, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

मग तुमचं जेवण कमी झालं, पाठीत कळा यायला लागल्या, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर बाकड्यावर बसवून आम्हाला दोघांना आत बोलावलं. गाठ पसरलीय, फार उशीर झालाय, या वयात उपचारांचाच जास्त छळ होईल, असं ते म्हणाले. खाली गाडी काढताना संजयनं गाडीचा आरसा घट्ट धरला. म्हणाला, "अण्णांना सांगायचं नाही. खचतील. शप्पथ घे." मी शप्पथ घेतली. त्या क्षणी मलाही तेच बरोबर वाटलं.

तिसऱ्या दिवशी संजय कामावर, सावी शाळेत. मी मेथी निवडत होते. तुम्ही कॉटवर उठून बसलात. "वैशाली, रिपोर्टात काय लिवलंय?"

"अजून एक यायचाय, अण्णा. तो आला की बघू ना."

मी जुडीतली तीचतीच काडी पुन्हा निवडत राहिले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "हे तुझ्या माहेरचं बघू हाय."

मला समोरची मेथी दिसेनाशी झाली. शप्पथ तिथेच मोडली. सगळं सांगितलं.

तुम्ही "हां" म्हणालात. पाणी मागितलंत. "भ्या वाटतंय गं जरा," म्हणालात. मी तुमचा हात धरला. मग तुम्ही डोळे पुसलेत आणि विचारलंत, "ते नक्की कुठं असतं? दाखव."

सावीचं विज्ञानाचं पुस्तक काढून मी आकृतीवर बोट ठेवलं. जठराच्या मागे, पानाच्या आकाराचं. खाली नाव छापलेलं, स्वादुपिंड. तुम्ही चष्मा लावून ते दोनदा वाचलंत. "नाव बघ किती गोड. आन् धंदे असले!" आपण दोघंही हसलो, अण्णा, आणि हसता हसता मी हमसून रडले. तुम्ही विचारलंत, याला अहिराणीत काय म्हणतात? मी म्हणाले, माहीत नाही. आईला विचारलं, तिलाही माहीत नाही. तो शब्द मी अजून शोधते आहे.

मग तुम्ही ती ताकीद दिलीत. संज्याला काही बोलायचं नाय. मी चिडले. "हे या घरात चालत नाही, तुम्हीच शिकवलंय." तुम्ही म्हणालात, "एवढी एक सवलत दे."

पुढच्या सात आठवड्यांचे मी किती आभार मानू? तुम्हाला ठाऊक होतं म्हणून तुम्ही ते आठवडे तुमच्या मर्जीनं जगलात. संजयला औषधं आणायला खाली पाठवून तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारलंत, "साहेब, दुखलं तर काय करायचं ते हिला शिकवून ठेवा." नळ्या नकोत, घरीच राहीन, हे तुम्ही स्वतः ठरवलंत. एका सकाळी सावीला रिक्षात घालून जुन्या गल्ल्या फिरवून आणलंत आणि कुठल्या झाकणाखाली कुठल्या वस्तीचं पाणी अडतं ते तिला दाखवलंत. संजयला वाटलं, अण्णांना बरं वाटतंय. खरं तर मलाही त्या दिवशी तसंच वाटलं.

आणि रोज संध्याकाळी तो कंपनीतून आला की हातपाय धुवून तुमच्या पायथ्याशी बसायचा. तुमचे पाय मांडीवर घ्यायचा, दाबायचा, आणि एकामागून एक थापा मारायचा. "पोटात साधी सूज आहे अण्णा. उतरली की भूक लागेल. पावसाळ्यात तुम्हाला सायखेड्याला घेऊन जातो." त्याला धड खोटंही बोलता येत नाही. तुम्ही डोळे मिटून "हां, हां" करायचात. "डावा जरा जोरात दाब. लय ओढतोय." मी स्वयंपाकघरात दाताखाली पदर धरून उभी. सकाळी मी पुन्हा भांडायचे, त्याला सांगा म्हणायचे, आणि तुम्ही प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यायचात. "त्याची संध्याकाळ मोडू नको."

तुम्ही गेलात. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, भंतेजी गेले, पाहुणे पांगले. संजय सगळं कोरड्या डोळ्यांनी करत होता आणि प्रत्येकाला तेच सांगत होता, अण्णांना काही कळलं नाही. माणूस एखाद्या काठीला धरून चालतो तसा तो त्या वाक्याला धरून होता. ती काठी काढून घ्यायचा मला काय अधिकार? पण रोज रात्री त्याच्या शेजारी हे पोटात ठेवून निजायचं, हेही मला जमेना. सतरा वर्षं तुम्ही मला त्याची सवयच राहू दिली नव्हती.

परवा रविवारी दुपारी तो फोनवर कंपनीतल्या कुणाला तरी तेच सांगत होता. फोन ठेवला आणि मी म्हणाले, "संजय, अण्णांना माहीत होतं."

"काय?"

"सगळं. मी सांगितलं होतं. तिसऱ्याच दिवशी."

तो उठून गॅलरीत गेला. मला वाटलं, एक गेला आणि आता हाही गेला. बऱ्याच वेळानं तो दारात येऊन उभा राहिला. "म्हणजे मी रोज तिथं बसून जे काय बडबडत होतो..."

"ते ऐकून घेत होते."

"वेड्यात काढलंत मला. तू आणि अण्णा. नेहमीसारखं, तुमचं दोघांचं."

तुमच्या सांगण्यावरून गप्प राहिले, असं म्हणून मी सुटका करून घेऊ शकले असते. घेतली नाही. त्याचं खरं होतं. मी म्हणाले, "चुकलं माझं." तो तुमच्या रिकाम्या कॉटकडे बघत राहिला. मग हळू आवाजात त्यानं विचारलं, "पाय फार दुखायचे का गं त्यांचे?"

तुमची ताकीद मी तिथे दुसऱ्यांदा मोडली, अण्णा. मी म्हणाले, "एकदा दुपारी मी तेल कोमट करून घेऊन गेले होते. म्हटलं, संजयला रोज सांगता पाय ओढतात म्हणून, तर चोळून देते. तर माझ्यावरच खेकसले. ‘पायांना काय धाड भरलीय माझ्या? ठणठणीत हायेत.’"

संजय कॉटच्या पायथ्याशी बसला आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडला.